मान, मणका आणि सहा महिन्यांचा कागद

न्यू जर्सीत एडिसनजवळ, रूट १ वर सिग्नलला थांबलेल्या माझ्या भाच्याच्या गाडीला मागून दुसरी गाडी धडकली. इमर्जन्सी रूममध्ये तपासणी झाली, हाड कुठे मोडलं नव्हतं, म्हणून त्याच रात्री त्याला घरी पाठवलं. सकाळी उठला तर मान वळेना. अपघाताचे दावे चालवणाऱ्या एका वकिलाने त्याला एका कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणके हलवून उपचार करणाऱ्या, क्लिनिकचा पत्ता दिला. तिथून तो एक कागद घेऊन आला: आठवड्यातून तीनदा, सहा महिने, मान आणि कंबर दोन्हींची 'अ‍ॅडजस्टमेंट'. सोबत एमआरआयचा अहवाल होता. मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली दिसत होती.

हा कागद घरातल्या दोन माणसांच्या हातात पडला. एक त्याचे वडील, म्हणजे माझा भाऊ. मिरजेत हाडांचा डॉक्टर म्हणून त्याचं आयुष्य गेलं. दुसरी माझी मुलगी. टोरोंटोच्या कॅनेडियन मेमोरियल कायरोप्रॅक्टिक कॉलेजात शिकून ती आता मिसिसागात स्वतःचं क्लिनिक चालवते. या मामा-भाचीचं बोलणं इथे शक्य तितकं जसंच्या तसं देते आहे. असा कागद समोर आलेल्या प्रत्येकाने सही करण्याआधी ते ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

मामा: हे बघ काय लिहिलंय. 'सबलक्सेशन'. एक्स-रेवर रेघा मारून मणका कुठे सरकलाय ते दाखवलंय. मणका खरोखर सरकला असता तर याला घरी पाठवलं असतं का? मान बांधून आडवा ठेवला असता, हलू दिला नसता.

भाची: त्या शब्दासाठी मी भांडणार नाही, मामा. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी जी वैधानिक परिषद ठेवते, तिनेच २०१० साली सांगितलं की ही कल्पना इतिहासाचा भाग आहे, आणि तिच्यामुळे आजार होतात असं म्हणायला संशोधनाचा आधार नाही. आमच्यातले पुष्कळ लोक तो शब्द वापरत नाहीत.

मामा: मग मूळच गेलं की. १८९५ साली आयोवातल्या डॅव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामर नावाचा एक चुंबकीय उपचार करणारा माणूस होता. त्याने हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं असा दावा केला. तिथून तुमचं शास्त्र सुरू झालं. कानाची नस पाठीच्या मणक्यातून जातच नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं.

भाची: पामरचा दावा चूकच होता. पण तुमच्या बाजूनेही सगळं सरळ नव्हतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ साली आमच्याविरुद्ध समिती नेमली. कायरोप्रॅक्टरांबरोबर काम करणं डॉक्टरांसाठी गैर ठरवलं गेलं. १९८७ साली शिकागोत न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर यांनी तो बहिष्कार बेकायदा ठरवला.

मामा: स्पर्धेच्या कायद्याखाली ठरवला. तुमच्या उपचाराने गुण येतो, असं त्या निकालात कुठे आहे?

भाची: नाही, ते नाही.

ही उखाळी-पाखाळी आणखी बराच वेळ चालली असती. मीच म्हटलं, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं राहू दे, या पोराच्या मानेत आज काय झालंय ते सांगा. दोघेही लगेच त्यावर आले, आणि इथे मला पहिल्यांदा जाणवलं की शरीराबद्दल त्यांच्यात फारसा मतभेद नाहीच.

भाची: मागून धक्का बसला की सीट धडाला पुढे ढकलते, आणि डोकं मात्र जागच्या जागी राहतं. सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात मान इंग्रजी एस अक्षरासारखी वाकते. खालचे मणके मागे झुकतात, वरचे पुढे. येल विद्यापीठात मनोहर पंजाबी यांच्या प्रयोगशाळेने नव्वदच्या दशकात मृतदेहांच्या मानांवर प्रयोग करून हे दाखवलं. आधी लोकांना वाटायचं की डोकं पार मागे फेकलं गेल्यावर इजा होते. खरं तर तोवर इजा होऊन गेलेली असते. प्रत्येक दोन मणक्यांच्या मागच्या बाजूला जे दोन छोटे सांधे असतात, फॅसेट सांधे, त्यांच्यावरचं आवरण ताणलं जातं.

मामा: आणि ते एक्स-रेत दिसत नाही, बहुतेक वेळा एमआरआयमध्येही दिसत नाही. बोगडुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात महिनोनमहिने मान दुखणाऱ्या रुग्णांच्या या सांध्यांजवळच्या बारीक नसा इंजेक्शनने बधिर करून पाहिल्या. निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं त्या सांध्यातलं निघालं. म्हणजे माझ्या मुलाची मान खरंच दुखते. रेघा मारलेला एक्स-रे मात्र त्याबद्दल काहीच सांगत नाही.

भाची: तुम्ही त्याला तपासलंत ना?

मामा: तपासलं. हाताची ताकद ठीक, रिफ्लेक्स ठीक, बोटांत मुंग्या नाहीत. उजवीकडे मान कमी वळते आणि मागे दाबलं की दुखतं. क्वेबेकच्या वाहन विमा मंडळाने तज्ज्ञांचा गट नेमला होता, त्यांनी १९९५ साली जी प्रतवारी ठरवली त्यातली ही दुसरी पायरी. नसेची लक्षणं असली की तिसरी, हाड मोडलं किंवा सांधा निखळला की चौथी. चौथीचं माणूस माझ्याकडे यायला हवं. दुसरीतल्या बहुतेकांना काही आठवड्यांत बरं वाटतं, मान हलती ठेवली तर.

भाची: हलती ठेवली तर! आणि इतकी वर्षं गळ्याला पट्टा बांधून ती न हलती कोणी ठेवली?

मामा: आम्हीच ठेवली. तेव्हा तेच शिकवत होते. पट्टा, कॉटवर वजन लावणं, तीन-तीन आठवडे झोपून राहणं. हल्ली तसं कोणी शहाणा डॉक्टर सांगत नाही.

भाची: मग हातांनी मी काय करते ते ऐका. दुखऱ्या सांध्याला त्याच्या मर्यादेपर्यंत हळूहळू हलवते. कधी छोटा, वेगवान झटका देते. त्याने दुखणं थोडं कमी होतं आणि थोडा वेळ मान सैल पडते. त्या वेळात माणूस मान वळवून बघतो आणि आपल्याला वळवता येते हे त्याला कळतं. माझं निम्मं काम ही भीती घालवण्याचं असतं. मिनेसोटात २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मान दुखणारी २७२ माणसं होती. काहींना हाताचा उपचार, काहींना गोळ्या, काहींना घरी करायचे व्यायाम. बारा आठवड्यांनी हाताचा उपचार गोळ्यांपेक्षा सरस ठरला.

मामा: आणि व्यायामापेक्षा?

भाची: व्यायामाइतकाच.

मामा: व्यायाम शिकवायला त्यांना किती भेटी लागल्या?

भाची: दोन.

मामा: दोन भेटी! मग आठवड्यातून तीनदा, सहा महिने, हे कोणत्या हिशोबाने?

भाची: कुठल्याच हिशोबाने नाही. तोच माझा राग आहे, मामा. तुम्ही कायरोप्रॅक्टिकवर रागावला आहात, मी या कागदावर रागावले आहे. पहिल्या भेटीत सहा महिन्यांचा बेत लिहिणाऱ्याने रुग्ण सुधारेल की नाही हे बघायचंच नाही असं ठरवलेलं असतं. मी दोन-तीन आठवड्यांत मान किती अंश वळते ते पुन्हा मोजते. फरक नसेल तर थांबते, दुसरीकडे पाठवते.

मामा: आणि तो कटकन होणारा आवाज? पोरगा मला सांगत होता, आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला.

भाची: तसं त्याला कोणी सांगितलं असेल तर चुकीचं सांगितलं. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम उतरतो आणि त्यात पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. अल्बर्टा विद्यापीठात २०१५ साली बोटं मोडताना एमआरआयचं चित्रण करून हे दाखवलं. मूळचं हाड जागेवरच असतं, परत बसवायचं काही नसतं. आवाज आला नाही तरी उपचाराचा गुण कमी होत नाही.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडं थांबून सांगते. आपल्याकडे केस कापून झाल्यावर न्हावी मान मोडून देतो आणि त्या आवाजाने हलकं वाटतं. त्या क्षणभराच्या हलकेपणावरच ही सहा महिन्यांची योजना उभी राहते. 'तुझा मणका सरकतो, मी बसवतो, तो पुन्हा सरकतो' हे एकदा मनात बसलं की माणूस स्वतःच्या मानेवरचा विश्वास गमावतो. माझा भाचा ऐन उमेदीतला आहे, आणि तो मान हाताने धरून खुर्चीतून उठत होता. ती भीती त्याला अपघाताने दिली नव्हती, त्या कागदाने दिली होती.

एमआरआयच्या अहवालावर तर दोघे एका सुरात बोलले.

मामा: गादी फुगलेली आहे, मान्य. पण अपघाताआधी नव्हती हे कशावरून? ज्यांना काहीही दुखत नाही अशा तीन हजारांहून जास्त लोकांच्या कंबरेच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा आला. विशीतल्या दर शंभरांत तिसांच्या गाद्या फुगलेल्या, ऐंशीच्या वयात चौऱ्याऐंशी जणांच्या. केस पिकतात तशा गाद्या वाळतात.

भाची: मी हे रुग्णांना रोज सांगते. अहवाल वाचूनच ते अर्धे खचलेले असतात.

मामा: पण नस खरोखर दाबली गेली, पायात कळ उतरली, सायटिका झाला, तर तू काय करणार? तिथेही झटके देणार?

भाची: आधी तपासणार. मग बघणार कुठल्या हालचालीने कळ पायातून कंबरेकडे सरकते. काही जणांना हाताचा उपचार देणार, तोही काळजीने. रोममध्ये २००६ साली १०२ रुग्णांवर अभ्यास झाला. कंबर आणि पाय दुखणारे, गादी बाहेर आलेले. निम्म्यांना खरा उपचार, निम्म्यांना खोटा. पायाची कळ पूर्ण गेलेले खऱ्या उपचारात ५५ टक्के, खोट्यात २० टक्के.

मामा: एक अभ्यास. आणि एमआरआयमध्ये गादी बदलली का?

भाची: नाही. मीही गादी आत ढकलते असं कधीच म्हणत नाही.

मामा: हे तू म्हणतेस, सगळे म्हणत नाहीत. आता माझी बाजू ऐक. १९३४ साली बोस्टनमध्ये मिक्स्टर आणि बार यांनी दाखवलं की फाटलेली गादी नस दाबते आणि म्हणून पाय दुखतो. तेव्हापासून आम्ही त्या काढत आलो. पण पुढे कळलं की बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, आणि जितका सुटा, मोठा तुकडा, तितकी ती शक्यता जास्त. हॉलंडमध्ये २००७ साली २८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींची लवकर शस्त्रक्रिया, काहींना थांबायला सांगितलं. शस्त्रक्रियेने कळ लवकर गेली, पण वर्ष संपताना दोन्हीकडचे सारख्याच प्रमाणात बरे होते. थांबणाऱ्यांतल्या जवळपास चाळीस टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली, तेही सांगतो. म्हणजे निसर्गाने बरे केलेल्यांचं श्रेय तू घेतेस, आणि मीही घेत आलो.

भाची: मान्य आहे. पण त्या महिन्यांत माणूस कळ सोसत असतो. त्याला गोळ्यांवर टाकायचं की हाताने थोडा आराम देऊन चालतं ठेवायचं? अमेरिकेत कंबरदुखीला अफूजन्य गोळ्या दिल्याने किती घरं बुडाली ते तुम्हाला ठाऊक आहे. २०१७ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने कंबरदुखीसाठी आधी औषधाविना उपचार सुचवले, त्यांत मणक्याचा हाताने उपचारही होता.

मामा: त्या यादीत होता, हो. पण मला एका गोष्टीची चिंता वाटते. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बैठकीची जागा बधिर झाली, दोन्ही पाय लुळे पडायला लागले, तर तो माणूस टेबलावर झोपता कामा नये. त्याच दिवशी शस्त्रक्रियागृहात जायला हवा. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

भाची: हे मी पहिल्या भेटीत विचारते. लाजतात लोक, तरी विचारते.

मानेच्या धमनीवर आल्यावर मात्र दोघांचा आवाज चढला, आणि मी त्यांना चढू दिला.

मामा: मानेला वेगाने वळवून झटका. मणक्याच्या भोकांतून मेंदूकडे जाणारी धमनी तिथेच आहे. आतलं अस्तर फाटलं, गुठळी झाली, मेंदूत गेली, की पक्षाघात. तरुण माणसाला.

भाची: ओंटारियोत १९९३ ते २००२ या काळातले अशा पक्षाघाताचे ८१८ रुग्ण तपासले. पंचेचाळीसच्या आतल्यांत पक्षाघाताआधी कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आलेले जास्त होते. पण नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आलेलेही तसेच जास्त होते. धमनी आधीच फाटलेली असते, मान दुखते, म्हणून माणूस कोणाकडे तरी जातो.

मामा: त्याने माझं समाधान होत नाही. समज, धमनी आधीच फाटलेली आहे. मग नेहमीचा डॉक्टर फार तर गोळी देईल. तू त्याच मानेला झटका देशील. आणि हा तर अपघातातून आलेला. धडकेने स्वतःच धमनी फाटू शकते. म्हणजे ज्याला झटका देऊच नये, तोच तुझ्याकडे येतोय.

भाची (थोडी थांबून): अपघातातल्या मानेबद्दल तुम्ही बरोबर आहात. नवीन, कधी न झालेली डोकेदुखी, तोल जाणं, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, गिळायला त्रास, यातलं काही असलं तर मी हात लावत नाही, सरळ हॉस्पिटलात पाठवते. आणि अपघातानंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मी झटका देत नाही, सावकाश हालचाल देते. पण कधीच, कोणालाच नाही, हे मला मान्य नाही.

मामा: मला मान्य आहे. सावकाश हालचालीने तोच गुण येत असेल तर झटक्याची जोखीम कोणासाठी?

या प्रश्नाचं उत्तर तिने दिलं, पण मला ते पुरेसं वाटलं नाही. काहींना झटक्याने लवकर आराम पडतो, असं ती म्हणाली. लवकर म्हणजे किती लवकर, हे नीट मांडता येत नसेल तर इथे मी भावाच्या बाजूने आहे.

मग गोष्ट पैशावर आली.

भाची: या कागदाचं खरं कारण उपचारात नाही. न्यू जर्सीत चूक कोणाचीही असो, उपचाराचा खर्च आपलीच विमा कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत देते. पण दुखापतीची भरपाई मागायची तर बहुतेक पॉलिसींत कायमची इजा झाल्याचा वैद्यकीय पुरावा लागतो. म्हणून एमआरआय, म्हणून सहा महिन्यांच्या भेटींची नोंद. तो कागद दादाच्या मानेसाठी लिहिलेला नाही, त्याच्या दाव्यासाठी लिहिलेला आहे.

मामा: म्हणूनच लिथुआनियातला तो अभ्यास मला आठवतो. १९९६ साली आला. तिथे तेव्हा भरपाईची पद्धत जवळजवळ नव्हती. मागून धडक बसलेल्या २०२ चालकांना एक ते तीन वर्षांनी गाठलं, तर मान दुखणाऱ्यांचं प्रमाण अपघात न झालेल्यांइतकंच.

भाची: आणि आमच्याकडे कॅनडात, सस्कॅचेवानमध्ये १९९५ साली दुखण्याची भरपाई बंद केल्यावर व्हिपलॅशचे, म्हणजे अशा हिसका बसलेल्या मानेचे, दावे २८ टक्क्यांनी उतरले. पण त्यावरून दुखणं खोटं असं म्हणू नका, मामा. दाव्यात अडकलेल्या माणसाला दुखणं रोज सांगावं लागतं, लिहावं लागतं, सिद्ध करावं लागतं. असं करत राहिल्यावर ते विसरणार कसं?

मामा: नाही म्हणत खोटं. माझाच मुलगा आहे तो.

त्याच संध्याकाळी नवा कागद झाला. दोन आठवडे, आठवड्यातून दोनदा, सावकाश हालचाल. घरी हनुवटी मागे घेणं, दोन्ही बाजूंना मान वळवणं, खांदे मागे ओढणं. ऑफिसात तासाला एकदा उठणं. गाडीतला हेडरेस्ट डोक्याच्या उंचीला आणणं. मान किती अंश वळते ते लिहून ठेवायचं. झटका नाही. भाच्याला विचारलं, तर तो म्हणाला, मला इतके दिवस कोणी विचारलंच नव्हतं, मला झटका नको आहे.

मिरजेचा विषय शेवटी भावानेच काढला.

मामा: आपल्याकडे तर याहून वाईट होतंय. मोबाइलवर व्हिडिओ बघून लोक मानेला पट्टा अडकवून ओढून घ्यायला जातात. कोण करतो, कुठे शिकला, काही पत्ता नाही. भारतात कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी वैधानिक परिषद नाही. मी म्हणतो, नसलेलीच बरी. नोंदणी दिली की मान्यता दिल्यासारखं होईल.

भाची: नोंदणी नसली तर चार वर्षं शिकलेला आणि काल व्हिडिओ बघून बोर्ड लावलेला, दोघे सारखेच. कोणाचं काही बिघडलं तर तक्रार कुठे करायची?

मामा: न्यू जर्सीत नोंदणी आहे. तरी हा कागद आलाच की नाही?

भाची: आला. पण त्यावर लायसन्स नंबर आहे, मामा. राज्याच्या कायरोप्रॅक्टिक मंडळाकडे तक्रारीचा अर्ज मी भरून ठेवलाय. दादाची सही तेवढी बाकी आहे.

मामा: आण इकडे. आधी मी वाचतो.